क्लिनर साईड

ट्रकांबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. वाशीम मागे टाकून कनेरगाव नाक्याने हिंगोली जिल्ह्यात शिरेपर्यंत ते आणखी बिघडलं. अकोल्याहून नांदेडवरून थेट तेलंगणातल्या संगारेड्डीकडे जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग १६१. पुढे सतत कुणाची तरी ताडपत्री, मागे सतत कुणाचा तरी भोंगा. हिंगोलीचा हळदीचा बाजार, नरसी, औंढा हे सगळं ठरल्याप्रमाणे पार पडलं. सांगण्यासारखं घडलं ते वारंगा फाट्यावर, आणि तेही खिचडीसाठी थांबलो म्हणून.

कळमनुरी तालुक्यातल्या या फाट्यावर तुळजापूर-नागपूर रस्ता येऊन मिळतो, त्यामुळे गाड्यांना तोटा नाही. ढाब्यावरच्या पनीरला मी माणसाच्या खाण्यात धरत नाही. वारंग्याची खिचडी मात्र वाफाळती, तिखट आणि पोटाला न डाचणारी. दुसऱ्यांदा मागवली तेव्हा समोरच्या दहाचाकी गाडीभोवती एक पोऱ्या आणि एक पांढऱ्या मिशांचा माणूस फिरताना दिसले. हिंगोलीची हळद सांगलीला चालली होती. म्हातारा टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, एकेक टायर ठोकायचा, कान द्यायचा आणि पोऱ्याला विचारायचा, ‘‘बोल, हवा हाय का नाय?’’ पोऱ्या चुकला की पुन्हा ठोकायला लावायचा.

आदल्याच दिवशी औंढ्याला नागनाथाच्या देवळात बसून मी नामदेवांची गोष्ट आठवत होतो. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी ठोकली, नामदेवांचं मडकं कच्चं निघालं आणि मग ते गुरू शोधत विसोबा खेचरांकडे औंढ्याला आले. लहानपणी मला या गोष्टीत नामदेवांचा अपमानच दिसायचा. त्या पोऱ्याचा चेहरा बघून वाटलं, ठोकून घेणाऱ्याला तसं वाटत नसावं.

मी बघतोय हे म्हाताऱ्याच्या लक्षात आलं. ‘‘सर, चढा वर,’’ तो म्हणाला. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. उंचावरून रस्ता एकदम ताब्यात आल्यासारखा वाटतो. मला तर लगेच भोंगा वाजवावासा वाटला. ‘‘काय दिसायलंय?’’ खालून आवाज आला. मी म्हणालो, सगळं. फाटा, टपऱ्या, माझी थाळी.

‘‘आन् मी?’’

तो कुठेच नव्हता. खाली वाकून बघितलं तर गडी बंपरला पाठ लावून उभा. मग त्याने ढाब्यावरची लाल खुर्ची गाडीच्या नाकासमोर मांडली. तीही दिसली नाही. पोऱ्याने कुणाची तरी मोटारसायकल ढकलत डाव्या पुढच्या चाकाजवळ आणून उभी केली, तिच्यावर स्वतः बसला आणि वर बघून हात हलवू लागला. हात हलवत होता हे मला नंतर सांगण्यात आलं. आरशात हळदीची पोती होती, काचेतून आकाश होतं. मोटारसायकल आणि तिच्यावरचा धडधाकट पोरगा दोघंही गायब.

‘‘ही क्लिनर साईड,’’ म्हातारा म्हणाला. ‘‘हितं मानूस बसलेला नसला, तर गाडी अर्धी आंधळी.’’

खाली उतरल्यावर चहा मी सांगितला. उस्ताद (पोऱ्या त्याला याच नावाने हाक मारत होता) स्वतः असाच शिकलेला. आधी गाडी पुसणं, मग रस्सी-ताडपत्री, मग पंक्चर, मग रिकाम्या गाडीचं स्टिअरिंग, तेही परवाना हातात आल्यावर. चढाला जो गेर, उताराला तोच गेर. न्यूट्रलवर गाडी सोडली की इंजिनाची अडवण जाते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून हात टेकतात. बंद पडलेल्या गाडीमागे लावलेले दगड निघताना उचलायचे. रात्री तेच दगड दुचाकीवाल्याचा जीव घेतात. त्याला सर्वांत जास्त राग उसाच्या जोड ट्रॉल्यांचा. मागे ना दिवा, ना रेडियमची पट्टी, आणि चालायचं मात्र महामार्गावर.

ड्रायव्हरांसाठी शाळा नाहीत असं नाही. पुण्यात भोसरीला सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीचं प्रशिक्षण देणारी संस्था आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांत जड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम ठरवला, आणि तो पास झाला की आरटीओची चाचणी माफ. नियम वाईट नाहीत. २०२५पर्यंत लागू असलेला १९६१चा मोटार वाहतूक कामगार कायदा तर दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगायचा. हे उस्तादला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की चहा सांडला. हळद सकाळी उतरायची होती, रस्त्याचा हिशोब त्याने करून ठेवला होता, आणि त्यात झोप ढाब्यावरच्या बाजेवरची, तीही पोऱ्या गाडी राखत बसेल तेवढीच.

मला खटकलं ते वेगळंच. ३८ तास शिकवणाऱ्या शाळेबद्दल आपण बोलतो, पण वर्षानुवर्षं शिकवणारी जी शाळा डाव्या सीटवर भरत होती ती बंद पडतेय, याची नोंद कुणी घेत नाही. क्लिनर म्हणजे मालकाच्या लेखी पगार, जेवण आणि भत्ता. फाट्यावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या केबिनमध्ये मी डोकावत गेलो. बहुतेकांत ड्रायव्हर एकटाच होता. डाव्या सीटवर कुठे पाण्याचा कॅन, कुठे घडी केलेली चादर.

पोऱ्या एकोणीस वर्षांचा. मालवाहू गाडीच्या परवान्याला वीस पूर्ण लागतात आणि त्याआधी किमान वर्षभर हलक्या वाहनाचा परवाना हातात असावा लागतो. तो त्याने काढलाय. पुढच्या वर्षी उस्ताद घरी बसणार आणि ही गाडी पोऱ्याकडे येणार. तेव्हा क्लिनर मिळणार नाही, हे मालकाने त्याला आत्ताच सांगून ठेवलंय.