इथलं ऑल-इन-वंडर पुण्यात चालणार नाही

न्यू जर्सी, ८ फेब्रुवारी २००३

चि. रोहन यास,


येताना ऑल-इन-वंडर ९७०० प्रो हे ग्राफिक्स-टीव्ही कार्ड घेऊन ये, असं तू लिहिलंस. मी आणणार नाही, आणि कारण पैशांचं नाही. इथल्या कार्डाचा ट्यूनर एनटीएससी पद्धतीचा असतो: ५२५ रेषा, सेकंदाला जवळजवळ ३० चित्रं. पुण्यात तुमच्या केबलवर येतं ते पाल: ६२५ रेषा, २५ चित्रं. आवाज पाठवायची रीतही निराळी. हे कार्ड तिथे लावलंस तर गेम झकास चालतील, पण ज्या टीव्हीसाठी एवढा हट्ट धरलायस तोच नीट लागणार नाही.

कार्ड मात्र गुणी आहे, हे घरी वापरून सांगते. मार्कहॅमची ही एटीआय कंपनी १९९६ पासून ग्राफिक्स आणि टीव्ही एकाच कार्डावर बसवते आहे. यावेळी तिने आपली सर्वांत तगडी चिप आणि १२८ एमबी मेमरी दिली आहे, म्हणजे टीव्हीपायी गेमचा वेग गमवायला नको.

मला सगळ्यात आवडला तो कार्डासोबतचा रिमोट. घरातल्या टीव्हीचा रिमोट इन्फ्रारेडवर चालतो, त्याला समोर मोकळी वाट लागते. हा रेडिओलहरींवर चालतो. यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर टेबलामागे लपला तरी चालतं. मी स्वयंपाकघरातून भिंतीपलीकडचा आवाज कमी करते. त्यावरच्या गोल पॅडने माउसचा बाण फिरतो, क्लिकची बटणंही आहेत. पलंगावर पडून सिनेमा बघणाऱ्याला याहून काय हवं!

दुसरी गंमत म्हणजे चालू कार्यक्रम थांबवता येतो. कार्ड येईल ते हार्ड डिस्कवर उतरवत राहतं. उद्यापासून वर्ल्ड कप आहे. सचिन खेळत असताना ताईने जेवायला हाक मारली तर थांबव, जेवून ये आणि तिथूनच पुढे बघ. फक्त हिशेब ध्यानात ठेव. सेकंदाला ४ मेगाबिटने तासाला १.८ जीबी जातात, सात तासांच्या सामन्याला साडेबारा. डिस्क एनटीएफएस हवी, कारण एफएटी ३२ वर एक फाइल ४ जीबीपुढे वाढतच नाही. शिवाय एमपीईजी-२ मध्ये दाबण्याचं बरंचसं काम तुझ्या प्रोसेसरला करावं लागतं. तो जुना असेल तर रेकॉर्डिंगमध्ये चित्रं गळतील.

आता न आवडलेलं. केबलचं चित्र मॉनिटरवर टीव्हीपेक्षा अस्पष्ट दिसतं. पडद्यावरची टीव्हीची खिडकी लहान ठेवली तरच बरं वाटतं. आणि ग्राफिक्स चिप दोन-तीन वर्षांत मागे पडते, ट्यूनर पडत नाही. पण इथे दोघांची गाठ मारलेली. नवी चिप घ्यायची झाली की चांगला ट्यूनरही काढून ठेवायचा. एवढ्या महागाच्या कार्डात हे मला पटत नाही.

म्हणून असं कर. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर पाल ट्यूनरचं ऑल-इन-वंडर मिळतं का विचार. मिळालं, तर माझ्याकडून वाढदिवसाची भेट समज. नाही मिळालं, तर साधं ९७०० मी इथून आणते आणि पीसीआयचं टीव्ही ट्यूनर कार्ड तू तिथेच घे. आजोबांच्या व्हीसीआरमधल्या लग्नाच्या कॅसेट उतरवायला तेही पुरेल.

काही घेण्याआधी कॅबिनेट उघडून मदरबोर्डचं मॉडेल लिहून घे. या कार्डाला दीड व्होल्टचा एजीपी स्लॉट लागतो, जुन्या बोर्डांवर तो नसतो. एसएमपीएसमधून फ्लॉपीला जाते तसली एखादी वायर मोकळी आहे का तेही बघ, कार्ड वीज तिथूनही घेतं. दोन्ही ई-मेलने कळव. माझं तिकीट मार्चअखेरचं आहे.

तुझी,
मावशी