वरंध्यात बत्ती गुल

रात्री घाटात गाडी चालवताना दोन्ही हेडलाइट एकदम गेले तर काय होतं, माहितीये? पहिला अर्धा सेकंद काहीच होत नाही. कठडा, त्यावरचे पांढरे पट्टे, डावीकडची झाडी, सगळं अजून समोर आहे असंच वाटतं. मग ते चित्र पुसलं जातं आणि उरतो डॅशबोर्डचा हिरवट उजेड, त्यात स्टिअरिंगवरचे आपलेच दोन हात.

मी ब्रेकवर उभीच राहिले. नशीब, गाडी चढावर होती, दुसऱ्या गिअरमध्ये. उतारावर असती तर हा लेख दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या पानावर लिहिला असता!

वरंधा घाट तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिला असणार. पण कधी? पावसाळ्यात आणि दिवसा. कापूरहोळला हायवे सोडायचा, भोर गाठायचं, नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जायचं आणि वाघजाईच्या देवळापाशी थांबायचं. समोरच्या टपऱ्यांत कांदाभजी, ती पळवायला टपलेली माकडं, खाली शिवथरघळीचं हिरवंगार खोरं. चार फोटो, दोन चहा, यू-टर्न. घाट खरा उतरतो तो तिथून पुढे, आणि वीकएंडची मंडळी तिकडे सहसा फिरकत नाहीत. आम्हाला मात्र तोच रस्ता घरचा. बाबांचं गाव खाली महाड तालुक्यात, बिरवाडीच्या जवळ. लहानपणी या घाटात मी किती वेळा ओकलेय, त्याची मोजदाद आईकडे आहे.

तर गोष्ट २०१८ ची. त्रिपुरी पौर्णिमेला गावच्या देवळात पणत्या लावायच्या म्हणून आम्ही गुरुवारी गेलो. शुक्रवारी, २३ नोव्हेंबरला गुरुनानक जयंतीची सुट्टी होती. शनिवारी सकाळी माझ्या क्लायंटचा कॉल (हो, शनिवारी. आयटीवाल्यांनी समजून घ्यावं). म्हणून शुक्रवारीच रात्री जेवून परत निघालो. आई आजीपाशी राहिली. गाडीत मी, बाबा आणि डिकीत तांदूळ, पोह्याचे पापड वगैरे.

गाडी बाबांची. १९९८ ची, छोटी, पांढरी. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओतून पाच वर्षं वाढवून घेतलेली आणि त्याच वर्षी दुसऱ्यांदा वाढवलेली. ‘अजून इंजिन बघ कसं घड्याळासारखं चालतं,’ हे वाक्य घरात दर रविवारी होतं, गाडी धुताना. त्या रात्री निघताना मात्र बाबांनी चावी माझ्या हातात दिली. ‘तू चालव, मला झोप येतेय.’ गाडीत कधीही न झोपणारा माणूस! मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी खूश. कारण मला माझे नवे दिवे वापरून बघायचे होते.

हे नवे दिवे म्हणजे माझं बर्थडे गिफ्ट. गणपतीपासून बाबांची कुरकुर चालली होती, ‘गाडीचे दिवे मिणमिणते झालेत गं.’ मग मी नाना पेठेतल्या एका दुकानातून शंभर-नव्वदचे बल्ब आणले. म्हणजे अप्परला १०० वॉट, डिपरला ९०. मूळ बल्ब ६०-५५ चे. खोक्यावर बारीक अक्षरात ‘ऑफ-रोड वापरासाठी’ असं काहीतरी छापलेलं होतं. कोण वाचतो? दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, रात्रीचा दिवस होईल.’ झालाही. दीड महिना.

माझेरी मागे टाकलं, चढ सुरू झाला. चौदाव्याचा नाही तर पंधराव्याच्या पुढचा चंद्र होता, जवळजवळ पूर्ण, पण आम्हाला दिसत नव्हता. कारण साधं आहे: चंद्र उगवतो पूर्वेला आणि घाटाची ही बाजू पश्चिमेकडे. मधे सह्याद्रीची अख्खी भिंत! बाकी जग चांदण्यात न्हात असताना आम्ही डोंगराच्या सावलीत. आणि तिथेच बत्ती गुल.

हँडब्रेक ओढला. बाबा शांतपणे म्हणाले, ‘हझार्ड लाव.’ लागले. ‘हॉर्न दे.’ वाजला. ‘म्हणजे बॅटरी आहे. आणि दोन बल्ब एकाच वेळी जळत नाहीत कधी. दोघांत जे सामाईक आहे ते गेलंय.’ बाबांनी आयुष्यभर बँकेत हिशेब तपासले, त्यामुळे चूक शोधायची पद्धत एकदम पक्की. मग म्हणाले, ‘दांडी स्वतःकडे ओढून बघ.’ समोरच्याला अप्पर मारतो तशी ती ओढली आणि समोर कठडा लख्ख उभा राहिला! सोडली की अंधार. धरून ठेवली की उजेड. म्हणजे एका हाताने दांडी, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग, आणि गिअर? तो बाबा बदलणार, मी क्लच दाबून ‘हं’ म्हटलं की.

हा सगळा येडेपणा दोन वळणं चालला. तिसऱ्याला बोटांना चटका बसला आणि नाकात वास शिरला. वायर जळाल्याचा वास एकदा आला की विसरत नाही. दांडी सोडली, गाडी जेवढी डावीकडे दाबता येईल तेवढी दाबली आणि चाकामागे दगड लावला. (हा दगड निघताना काढायचा असतो, बरं का. घाटांत रस्त्याच्या मधोमध पडलेले दगड बघितलेत ना? ते डोंगरावरून पडलेले असतातच असं नाही.)

मोबाइलला रेंज शून्य. रातकिडे आणि खाली कुठेतरी वाहणारं पाणी. घाटाचा अंधार हा खोलीतल्या अंधारासारखा नसतो. त्याला एक बाजू असते. कठड्यापलीकडची बाजू. ती दिसत नाही, पण तिथून गार हवा येते आणि पायांना बरोबर कळतं की तिकडे जायचं नाही. याच डोंगररांगेत पुढे जुलै २०२१ मध्ये तळीये गावावर दरड कोसळली. तेव्हा टीव्हीसमोर बसून मला ती गार हवा आठवली होती.

बराच वेळाने मागून उजेड आला. पिकअप होता, मागे भाजीचे रिकामे क्रेट. माल महाडला उतरवून भोरला परत चाललेला. ‘लाइट गेली व्हय? माझ्या मागं मागं या. घाई करू नका, ताई. मी पण नाय करणार.’ आणि खरंच, तो माणूस चालत गेल्यासारखा गेला. मी त्याच्या दोन लाल दिव्यांना डोळे चिकटवून. त्याचे दिवे उजवीकडे सरकले की मी उजवीकडे, डावीकडे सरकले की डावीकडे. आयुष्यात कुठल्याही मॅनेजरचं इतकं निमूटपणे ऐकलेलं नाही.

शेवटचं वळण घेतलं आणि कुणीतरी स्विच दाबावा तसं चांदणं आलं. वाघजाई! टपऱ्या बंद, ताडपत्र्या खाली, माकडं झोपलेली. खालचं खोरं दुधात बुडवल्यासारखं. दिवसा इथे गर्दीत हॉर्न वाजतात म्हणून वैताग यायचा. आता इतकं शांत की पिकअपचं इंजिन थंड होताना टिकटिक ऐकू येत होतं.

त्याने आमचं बॉनेट उघडलं. ‘बल्ब किती वॉटचा?’ मी आकडा सांगितला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. ‘वायरिंग जुनं, स्विच जुना. त्याला एवढं पेलंल का? सगळा करंट या दांडीतनं जातोय. थंड होऊ द्या अर्धा तास. मग बघू.’ आणि देवळाच्या पायरीवर जाऊन बिडी पेटवली.

आम्ही दोघं कठड्याला टेकून उभे. खाली दूर कुठल्यातरी वाडीत एक दिवा होता. एकच.

‘त्या दिव्याभोवती कडं दिसतंय ना?’ बाबांनी विचारलं.

‘कसलं कडं?’

‘रंगीत. इंद्रधनुष्यासारखं.’

‘नाही, बाबा.’

थोडा वेळ गेला. ‘मला चंद्रालाही दिसतंय. आणि एका डोळ्याने बघितलं तर चंद्र दोन.’

‘कधीपासून?’

‘गणपतीपासून.’

गणपतीपासून! म्हणजे दिवे मिणमिणते झाले तेव्हापासून. आणि मागच्याच महिन्यात आत्याला रात्री पुणे स्टेशनला सोडायला हेच गेले होते, मी ऑफिसात होते म्हणून. मी ते बोलून दाखवलं. आवाज चढला माझा, त्या शांततेत फारच चढला. बाबा म्हणाले, ‘रस्ता पाठ आहे.’ माझ्याकडे बघून नाही, खोऱ्याकडे बघून. मग म्हणाले, ‘समोरून गाडी आली की सगळं पांढरं होतं. ती गेली की परत दिसतं. मी हळूच चालवतो.’ यावर काय बोलणार?

अर्ध्या तासाने पिकअपवाल्याने डाव्या बल्बचा सॉकेट ओढून काढला आणि स्विच लावायला सांगितला. उजवा दिवा लागला. तो डावाच का काढला, हे त्याने सांगितलं ते आयुष्यभर लक्षात ठेवा. ‘उजवा गेला आन् डावाच राहिला तर समोरच्याला वाटंल मोटारसायकल आली. तो बिनधास्त तुमच्या अंगावर येईल. उजवा असला की निदान गाडीची कड दिसते.’ अप्परला हात लावायचा नाही, एवढी तंबी दिली आणि पुन्हा आमच्या पुढे निघाला.

हिर्डोशीच्या पुढे धरणाचं पाणी सुरू झालं. एक डोळा उघडा ठेवून म्हातारी गाडी त्या पाण्याच्या कडेने चालली होती आणि बाबा सांगत होते, ‘आता उजवं वळण. मोठं आहे. मग ओढ्यावरचा छोटा पूल, तिथे रस्ता अरुंद होतो.’ व्हायचाच. दर वेळी. मी एकदा चोरून बघितलं, त्यांचे डोळे मिटलेले होते.

भोरला पिकअपवाल्याने पैसे घेतले नाहीत. पोह्याचे पापड मात्र घेतले. एका दिव्यावर हायवेला लागायची माझी हिंमत नव्हती, म्हणून एसटी स्टँडजवळ गाडी लावून आम्ही बसूनच झोपलो. पहाटे पहिला चहा, उजाडल्यावर पुणे. क्लायंटचा कॉल? त्याला कळवलं, गाडी बिघडली. खरंच होतं.

पुण्यातल्या वायरमनने स्टिअरिंगखालचं कव्हर उघडून दाखवलं तेव्हा जरा हादरले. स्विचचा प्लॅस्टिकचा सॉकेट चॉकलेटी होऊन एका बाजूने वितळलेला. गणित त्याने बिलाच्या मागेच मांडलं. ५५ वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर नऊ-सव्वानऊ अँपिअर घेतात. माझे ९० चे दोन, पंधरा. आणि सांध्यात तापणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. एकच दिवा ठेवला की साडेसात. म्हणून तो घाटात तगला.

‘पण आधीचे दिवे मिणमिणते होते का खरंच?’ मी विचारलं. त्याने मूळ बल्ब परत बसवला, इंजिन चालू केलं आणि मीटर लावला. बॅटरीवर पावणेचौदा व्होल्ट, बल्बपाशी बारालाही कमी. वीस वर्षांच्या वायरी, गंजलेलं अर्थिंग, वाटेत गळती. आणि व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड तीसेक टक्के घटतो. म्हणजे बाबा अगदीच चुकीचं सांगत नव्हते! दिवेही मंद होते आणि डोळेही. दोघांनी एकमेकांवर ढकलत दोन महिने काढले होते.

उपाय स्वस्तात झाला. दोन रिले, बॅटरीपासून थेट जाड वायर, मधे फ्यूज, नवं अर्थिंग. स्विचने आता फक्त रिलेला इशारा द्यायचा, ओझं वाहायचं नाही. बल्ब जुनेच, ६०-५५. तुमच्याही घरी अशी जुनी गाडी असेल, तर बल्ब बदलायच्या आधी हे करून घ्या. आणि वरंध्याला जाणार असाल तर निघण्यापूर्वी रस्ता चालू आहे का ते विचारा. पावसाळ्यात तो बऱ्याचदा बंद ठेवतात.

बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला आणखी तीन आठवडे लागले. आधी ‘चष्म्याचा नंबर वाढलाय’, मग ‘थंडी संपू दे’. शेवटी आईने गाडीची चावी तिच्या साडीच्या कपाटात ठेवली. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. जानेवारीत उजवा केला, फेब्रुवारीत डावा.

डाव्याची पट्टी निघाल्यावर दोनेक आठवड्यांनी, संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर बाबा खाली पार्किंगमध्ये. गाडीत एकटेच बसलेले, दिवे लावून, समोरच्या भिंतीकडे बघत. काच खाली केली.

‘ये, बघ जरा,’ म्हणाले. ‘तुझ्या वायरमनला सांग, उजवा झोत दोन बोटं खाली आहे.’

मी वाकून बघितलं. होता.