प्रिन्स, पुणे आणि माझी धाकधूक



मुलांना 'मोबाईल ठेव' म्हणणारा मी स्वतः एका गेमचा वेडा आहे. प्रिन्स ऑफ पर्शिया! अमळनेरला एमएस-सीआयटीच्या क्लासला सर बाहेर गेले की आम्ही तो लावायचो. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं, उंचावरून पडला की मेलाच. १९८९ चा हा गेम जॉर्डन मेकनर यांनी केला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून शूटिंग केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. ती चाल अजून डोळ्यांसमोर आहे. २००३ च्या 'सँड्स ऑफ टाइम'मध्ये तर खंजिराने काळच मागे नेता यायचा.

२०२० मध्ये त्याचीच नवी आवृत्ती युबिसॉफ्टच्या पुणे-मुंबई स्टुडिओत बनतेय असं कळलं, तेव्हा स्टाफरूममध्ये पेढे वाटायचेच बाकी होते. पण ट्रेलरमधली चित्रं जुनाट वाटतात म्हणून टीका झाली, तारीख पुढे गेली, २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं. नंतर २०२६ म्हणत होते.

चौथीतल्या मुलाने विचारलं, "पप्पा, पुण्यावाल्यांना जमलं नाही का?"

"ट्रेलरवरून कसं सांगणार भो? पूर्ण गेम कोणी पाहिलाय?" मी म्हटलं खरं. पण अर्धवट वही पाहून लाल शेरा मीही मारतोच की.

तेव्हा भीती एवढीच होती, की नव्या गेममध्ये पदोपदी पैसे भरायला लावू नयेत.

परवा त्याला जुनाच लावून दिला. पहिल्याच खड्ड्यात पडला. परत पडला. जेवायला हाक मारली तर म्हणतो, "थांबा ना पप्पा, आता जमेल."