बरं वाटू लागल्यानंतर उरलेलं नैराश्य

गोळ्या सुरू होऊन तीन-चार महिने झाले की नैराश्याचा रुग्ण समोर बसून सांगतो, "मॅडम, आता बरं आहे." घरची माणसंही दुजोरा देतात. रडणं थांबलंय, जेवण जातंय, कामावर जाणं सुरू झालंय. मग मी थोडं आणखी विचारते. पहाटे चारला जाग येते का? पेपर वाचताना दोन ओळींनंतर लक्ष उडतं का? कुणी भेटायला येणार म्हटलं की जिवावर येतं का? उत्तर बहुधा सोबतच्या माणसाकडून येतं, "तेवढं चालायचंच."

माझं म्हणणं असं, की तेवढं चालवून घेऊ नये. केंब्रिजमधले मानसोपचारतज्ज्ञ युजीन पेकेल यांनी 1995 मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची लक्षणं थोडी उरली होती, त्यांच्यातल्या 76 टक्के रुग्णांचा आजार उलटला. ज्यांची पूर्ण गेली होती, त्यांच्यात हे प्रमाण 25 टक्के होतं. अभ्यास लहान होता, पण आम्हाला रोज जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो.

उरलेली लक्षणं धोक्याची का, याचं एक उत्तर विचारांच्या सवयीत आहे. ज्याला नैराश्य येऊन गेलंय, त्याचं मन जरासं उतरलं तरी जुनी साखळी सुरू होते. वरिष्ठांनी फोन उचलला नाही. म्हणजे आपलंच काही चुकलं. आपलं नेहमीच चुकतं. आपण कुणाच्या कामाचे नाही. पाच मिनिटांत माणूस एका न उचललेल्या फोनवरून अख्ख्या आयुष्याच्या निकालापर्यंत पोहोचतो, आणि मग तेच रात्रभर उगाळत बसतो. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी आठ आठवड्यांची माइंडफुलनेस-आधारित उपचारपद्धती बांधली ती ही साखळी सुरुवातीलाच ओळखता यावी म्हणून. तिचा पाया जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या तणावमुक्तीच्या कार्यक्रमात आहे.

यात मन रिकामं करायचं नसतं आणि बळेच चांगले विचारही आणायचे नसतात. श्वास, अंगातला ताण, मनात उठलेलं वाक्य यांच्याकडे बघायला शिकायचं असतं. 'मी कामाचा नाही' हा निकाल नव्हे, आत्ता मनात आलेला एक विचार आहे, एवढं वेळेवर कळणं हीच खरी कमाई.

हाच उपचार ऑनलाइन देऊन पाहण्याचा मोठा प्रयोग कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरमध्ये झाला. त्याचे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-9 चाचणीत 27 पैकी 5 ते 9 गुण येणारे, म्हणजे बरे होऊनही पुरते बरे न झालेले, 460 जण त्यात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना नेहमीचे उपचार अधिक आठ ऑनलाइन सत्रं आणि फोनवर प्रशिक्षकाचा आधार. पुढच्या काळात आजार उलटण्याचं प्रमाण ऑनलाइन गटात 13.5 टक्के होतं, दुसऱ्यात 23 टक्के. फरक चमत्काराचा नाही, पण भरवशाचा आहे. मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की कुणाचेही नेहमीचे उपचार काढून घेतले नव्हते.

आपल्याकडे या पद्धतीचे प्रशिक्षित लोक मुख्यतः मोठ्या शहरांत. गडचिरोलीच्या शिक्षिकेने दर आठवड्याला नागपूर गाठावं, ही अपेक्षाच चुकीची. तिच्यापर्यंत फोन पोहोचतो. मात्र फोन पोहोचला म्हणजे उपचार पोहोचला असं होत नाही. दोन खोल्यांच्या घरात सुनेने अर्धा तास दार लावून बसायचं म्हटलं की प्रश्न सुरू होतात. म्हणून पहिल्या भेटीत मी सासूबाईंनाही बोलावते आणि सांगते, ही वेळ म्हणजे तिची गोळीच समजा. सराव लहान ठेवते. तीन मिनिटांचा श्वासाचा सरावही याच पद्धतीतला आहे. सूचना मराठीत लागतात, कारण मन उतरलेलं असताना परकी भाषा समजून घेण्याचं त्राण नसतं.

आणि दर आठवड्याला कुणीतरी विचारणारं लागतं. एकटीने ॲप लावून बसलेली बाई चौथ्या दिवशी ठरवते, "मला हेसुद्धा जमत नाही." त्या वाक्यातच आजार बोलत असतो. समोर माणूस असेल तर तो म्हणतो, हाही एक विचारच, याच्याकडेच बघू या. झोपेसाठी संगीत लावणाऱ्या ॲपकडून ही अपेक्षा करता येत नाही.

बरेच जण विचारतात, "इगतपुरीला विपश्यनेला जाऊ का?" विपश्यनेबद्दल मला आदर आहे, पण नैराश्य तीव्र असताना दहा दिवसांचं मौन मी सुचवत नाही. आत्महत्येचे विचार असतील, भास होत असतील, किंवा उन्मादाचे झटके येऊन गेले असतील, तर ऑनलाइन सत्रांवरही विसंबू नये. आधी प्रत्यक्ष तपासणी हवी. गोळ्या मनाने बंद करू नयेत. 2015 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात याच पद्धतीच्या आधाराने औषधं कमी केली गेली, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा "बरं आहे" एवढ्यावर थांबू नका. झोप, लक्ष, आवड, थकवा यांतलं काय अजून परतलेलं नाही ते डॉक्टरांना सांगा, आणि त्यासाठी काय करता येईल ते विचारा. जवळ कुणी डॉक्टर नसेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर टेलि-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.