ट्रॉलीची मागची बत्ती

मागच्या जानेवारीत माझा आतेभाऊ रात्री मोहोळकडून सोलापूरला मोटारसायकलवर येत होता. पुढं उसानं भरलेल्या दोन जोड ट्रॉल्या. मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. तो वाचला, पण उजवा पाय गुडघ्यात आता वाकत नाही. घरात सगळ्यांनी त्या ट्रॅक्टरवाल्याला बद्दुआ दिली. मीही दिली. मग आठवलं, आमच्या मामूंच्या ट्रॉल्याही तशाच अंधारात कारखान्याला जातात.

मामूंना बोललो तर ते हसले. "बत्तीसे गन्ना मीठा होता क्या रे मास्तर?"

मी म्हणालो, "मामू, खर्च माझा. मेहनतही माझी."

गाळप सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी विजापूर वेशीतून वायर, दोन लाल दिवे, फ्यूज आणि सात पिनांचं सॉकेट घेऊन गेलो. मी भाषेचा शिक्षक. हिशोब कागदावर मांडूनच पुढं सरकलो. प्रत्येक दिव्यात ५/२१ वॅटचा बल्ब. ब्रेक दाबल्यावर सगळे मिळून ५२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीवर साडेचार अँपिअरच्या आत. साडेसातचा फ्यूज बॅटरीजवळच घातला. वायर लोखंडाला घासून उघडी पडली तर फ्यूज उडावा, उसाच्या वाळल्या पाचटाला आग लागू नये.

पहिल्यांदा चूक केली. अर्थिंगसाठी वेगळी वायर टाकली नाही. ट्रॅक्टर आणि ट्रॉली लोखंडानं जोडलेलीच आहेत, असं वाटलं. पण हुकाच्या पिनेत गंज, ग्रीस आणि ढिलाई. खड्डा आला की दिवे मिचमिचायचे. मग काळी वायर बॅटरीपासून शेवटच्या दिव्यापर्यंत ओढली. वळणावर ताणू नये म्हणून जोडावर वायर सैल सोडली.

दुसरी चूक ड्रायव्हर पोरानं दाखवली. "सर, ऊस भरल्यावर हे दिसणारच नाही." खरंच होतं. ऊस फाळक्याच्या बाहेर हातभर येतो आणि दिवे झाकून टाकतो. म्हणून दोन्ही दिवे एका लाकडी पट्टीवर बसवले. भरणी झाली की पट्टी मोळ्यांच्या टोकाला दोरीनं बांधायची, कारखान्यात रिकामं करण्याआधी सोडायची. रोज दोन मिनिटांचं काम.

मागं लाल दिवा असलाच पाहिजे, असं केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ पासून सांगतात. रस्त्यावरची इजा दूर करणं हा ईमानाचाच एक भाग, हे आपण मदरशात लहानपणीच शिकलो. तेव्हा काटा किंवा दगड डोळ्यांसमोर यायचा. ती इजा आपल्याच दारात उभी असेल, असं कधी वाटलं नाही. ताशी ६० किलोमीटरनं येणारी मोटारसायकल सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. अंधारातली ट्रॉली दिसेपर्यंत ब्रेकला जागाच उरत नाही.

हंगाम सुरू झाला. मामू दिव्यांबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. डिसेंबरात एका रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला.

"मास्तर, एक बत्ती गई. गाडी रोकके रखा हूं. आता क्या?"

बल्ब खिशात टाकला आणि निघालो.