बद्द वाजणारा दगड

दगड डोळ्यांनी बघायचा आणि कानाने घ्यायचा. हातोडी मारल्यावर खणखणीत वाजला तर गडग्यात, म्हणजे बिनचुन्याच्या दगडी भिंतीत; बद्द वाजला तर वाटेच्या भरावात. गेल्या पावसाळ्यापासून मला ते बद्द ऐकू येत नाही, सगळेच दगड सारखे वाजतात. म्हणून आता हातोडी मी मारतो आणि निकाल भाची देते. "मामा, गेलेला आहे हा. ठेवू नका." मी मुद्दाम तोच पुन्हा वाजवून बघतो.

नागावच्या वाड्यांतला गडगा गुरं अडवण्यापुरता. कस लागतो तो चौलच्या टेकड्यांच्या उतारावर, वरकस जमिनीत. तिथे गडग्याने माती धरायची आणि पाणी सोडायचं. भिंतीमागे पाणी कोंडलं की दीड हात जाडीची भिंतही पोट काढते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटात मोठाले दगड चुना न भरताच बसवलेत. लाट फटींत शिरते आणि तिथेच तिचा जोर मोडतो. आमचंही गणित तेच. फक्त फटीतून येणारं पाणी नितळ हवं. गढूळ आलं तर मागे खडी कमी पडली आणि माती निघाली, समजा.

मला छळतो तो वरून धडधाकट आणि आतून कुजलेला दगड. आमचा काळा दगड लाव्हाचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा निवताना पडलेल्या भेगांत पावसाचं पाणी शिरतं. हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेऊन ते किंचित आंबट झालेलं असतं. कोपऱ्याला ते तीन बाजूंनी लागतं, कडेला दोन आणि सपाटीला एकाच. म्हणून कोपरे आधी जातात आणि चौकोनी तुकडा गोल होत जातो. रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीत बघा, गाभ्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे दिसतील. बाहेरचे नखाने निघतात, त्यांचा मुरूम झालेला असतो. मधला गाभा निळसर काळा. पापुद्रे तांबूस, कारण दगडातलं लोखंड गंजतं. अलिबागला 1904 मध्ये चुंबकीय वेधशाळा सुरू झाली, तिच्या बांधकामाला याच लोखंडामुळे इथला दगड चालला नाही, पोरबंदरहून आणला.

गाभाच हाताला लागला तर प्रश्न नाही. पण एखाद्यात कुजणं नुकतंच सुरू झालेलं असतं. दोन पावसाळे तो निभावतो, मग चुरतो आणि वरची रांग खाली बसते. त्याच कुजण्यातून झालेली माती राखायला लोक मला बोलावतात, ही त्यातली गंमत. भोकांत पांढरे खडे भरलेला दगड तर मी घेतच नाही. भाची घेते. "वरच्या थराला चालतो मामा, तिथे ओझं कुठे आहे?" वाद अजून मिटलेला नाही.

फार्महाऊसवाले सिमेंटची भिंत घालतात, त्यात पाणी जायला नळीचे तुकडे ठेवतात आणि मागे खडी न टाकता सरळ माती लोटतात. नळ्या बुजतात. मग भिंतीला तडा का गेला, हे विचारायला आमच्याकडे येतात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात नारळ आमच्या गडग्यांवरही पडले. दगड सांडले, तेच उचलून पुन्हा रचले. सिमेंटच्या भिंतीचे तुकडे कोण रचणार?

मोठ्या पावसात मी छत्री घेऊन जुने गडगे बघायला निघतो. लोकांना वाटतं, काळजीने. खरं म्हणजे नितळ पाणी झिरपत असताना कुणीतरी शेजारी उभं राहावं आणि "रचलाय कुणी?" असं विचारावं, एवढ्यासाठी. यंदा एकाने विचारलंही. गडगा भाचीने रचलेला होता. मी नुसती मान हलवली.

ती मागेच होती. म्हणाली, "मामा, वरचा थर भोकाच्या दगडाचा आहे, तेही सांगा ना त्यांना."