चेतकची डावी बाजू

माणसं गोव्याला कशासाठी जातात? समुद्र बघायला, देवळं आणि चर्च बघायला, ताजे मासे खायला. मी आणि माझा भाचा गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला गेलो, ते एक भांडण मिटवायला!

भांडण तसं साधंच होतं. समुद्रात अडकलेल्या माणसांना वर ओढून घेण्यासाठी चेतक हेलिकॉप्टरला एक विंच लावलेलं असतं. विंच म्हणजे दोर गुंडाळणारं यंत्र. ते हेलिकॉप्टरच्या उजव्या अंगाला असतं की डाव्या? मी म्हणत होतो, उजव्या. भाचा म्हणत होता, "नाही मामा, डाव्या." तो म्हणत होता, कारण त्यानं ते पाहिलं होतं. मी म्हणत होतो, कारण मी मामा होतो!

हे सगळं सुरू झालं रेवदंड्यात. आमची ताई तिथं राहते. अलिबागहून मुरुडकडे जाताना वाटेत हे गाव लागतं. पोर्तुगीजांनी बांधलेल्या कोटाची तटबंदी अजून गावाभोवती उभी आहे आणि तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या. कोटाच्या मागं पुळणीवर उभं राहिलं की डावीकडे कुंडलिका नदीची खाडी समुद्राला मिळते आणि पलीकडे कोर्लईचा डोंगर, त्याच्यावरचा किल्ला दिसतो. उन्हाळ्यात हा समुद्र इतका शांत असतो, की ताटात पाणी ठेवल्यासारखा वाटतो. पण जूनमध्ये बघा! तेव्हा त्याच्या गाजेनं घरात बोललेलं ऐकू येत नाही.

17 जून 2021 ची गोष्ट. 'मंगलम' नावाचं एक मालवाहू जहाज रेवदंड्याच्या बंदराजवळ अर्धवट बुडालं. जहाजावर सोळा माणसं होती. तटरक्षक दलाचं 'सुभद्राकुमारी चौहान' हे जहाज तिकडं निघालं आणि दमणहून चेतक हेलिकॉप्टरं उडाली. जहाजावरच्या रबरी होड्या आणि वरून हेलिकॉप्टरं, अशी दोन्ही बाजूंनी धावपळ झाली आणि सोळाच्या सोळा माणसं वाचली. भाचा तेव्हा आठ वर्षांचा. हेलिकॉप्टरचा आवाज ऐकून तो इतर पोरांबरोबर भिजत पळत गेला होता. सगळं गाव आनंदात होतं. हा मात्र घरी येऊन गप्प बसला.

का ते ताईला रात्री कळलं. भाऊजी, म्हणजे त्याचे बाबा, अशाच एका मालवाहू बार्जवर कामाला असतात. तेव्हा ते गुजरातच्या बाजूला होते आणि दोन दिवस त्यांचा फोन लागत नव्हता. अंथरुणात पडल्या पडल्या यानं विचारलं, "आई, बाबांच्या बार्जवर दहा जण असतात. हेलिकॉप्टरात दहा जण मावतात का गं?"

ताईनं मला फोन लावला. मी विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवतो, तेव्हा मला हे ठाऊक असणारच, असं तिला वाटलं. मला कुठं ठाऊक होतं! मी "मावतात, मावतात" म्हणून वेळ मारून नेली. तिसऱ्या दिवशी भाऊजींचा फोन आला, ते सुखरूप होते. पण ती थाप माझ्या मनात राहिलीच.

गेल्या मे महिन्यात मला मुंबईत एका दुकानात प्लॅस्टिकचा एक संच मिळाला. 'अल्वेत-3' या फ्रेंच हेलिकॉप्टरचा. अल्वेत म्हणजे आपला चंडोल पक्षी. हे हेलिकॉप्टर 1959 मध्ये पहिल्यांदा उडालं. पुढं बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं फ्रेंचांच्या परवान्यानं तेच आपल्याकडे बनवलं. भारतात तयार झालेलं पहिलं 1965 मध्ये उडालं आणि त्याचं नाव ठेवलं राणा प्रतापांच्या घोड्याचं, चेतक! तेव्हा चंडोल आणि चेतक ही एकाच हेलिकॉप्टरची दोन नावं.

संच घेऊन मी रेवदंड्याला गेलो. खोक्यावर फ्रेंच सैन्याचं हेलिकॉप्टर, त्याच्या दोन्ही अंगांना क्षेपणास्त्रं. भाच्यानं खोकं उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "हे नको. आपण माणसं उचलणारं बनवू."

संचातली प्रतिकृती बदलून तिचा वेगळा प्रकार बनवायचा, यात खरी मजा आहे. कागदावर लिहून दिलेलं नसतं, त्यामुळे डोकं चालवावं लागतं. क्षेपणास्त्रं अडकवायचे दांडे काढायचे, त्यांची भोकं बुजवायची, बंद दार कापून उघडं करायचं, मागच्या बाकाची जागा मोकळी करायची आणि विंच तर पूर्ण स्वतःच घडवायचं, कारण ते संचात नव्हतंच. पण ते लावायचं कुठल्या बाजूला? इथंच आमचं जुंपलं. मी हट्टानं उजवं दार कापायला घेतलं, ब्लेड सटकलं आणि माझं बोट कापलं. (ब्लेडचं काम मोठ्यांकडून करून घ्या असं सांगतात. पण मोठ्यांनी कोणाकडून करून घ्यायचं?) भाचा हळद घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, आधी खरं चेतक बघूया ना."

म्हणून गोवा. कोकण रेल्वेनं मडगाव, तिथून बसनं वास्को आणि पुढं बोगमाळोची बस. दाबोळीच्या विमानतळापासून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. दाबोळीला नौदलाचा 'हंसा' हा तळ असल्यामुळे डोक्यावरून खरी विमानं घरघरत जातात आणि खाली म्हातारी विमानं माडांच्या सोबतीनं उन्हात उभी असतात. 1998 मध्ये हे सुरू झालं. दारातून आत गेलं की नजर खेचून घेतं ते सुपर कॉन्स्टेलेशन. चार पंख्यांचं, तीन शेपट्यांचं, देवमाशासारखं लांबलचक! आधी ते एअर इंडियाचं प्रवासी विमान होतं, मग हवाई दलात गेलं आणि शेवटी नौदलात. जवळच 'विक्रांत' या विमानवाहू जहाजावरून उडणारी सी-हॉक आणि अलिझे. 1971 च्या युद्धात यांनीच बंगालच्या उपसागरात कामगिरी केली. एरवी मी त्यांच्यापुढं तासभर उभा राहिलो असतो. भाच्यानं मला हाताला धरून पुढं ओढलं.

चेतक तिथं उभं होतं. आणि काय सांगू, केवढंसं ते! एवढ्या मोठ्या विमानांच्या घोळक्यात ते चिमणीसारखं दिसत होतं. पुढं काचेचा गोल घुमट, तीन चाकं, वर तीन पात्यांचा पंखा. आणि गंमत म्हणजे इंजिन झाकलेलंच नाही! ते पाठीवर, पंख्याच्या मागं, उघड्यावर बसवलेलं. भाच्यानं पावलं मोजली. नाकापासून शेपटीपर्यंत सोळा भरली. प्रत्यक्षात ती लांबी दहा मीटर आहे. आमची प्रतिकृती बहात्तरपट लहान, म्हणजे चौदा सेंटिमीटर, तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षाही आखूड.

आम्ही दाराकडे बोटं दाखवून वाद घालत होतो, तर पांढऱ्या मिशांचे एक आजोबा जवळ आले. नातवंडांना घेऊन आले होते. म्हणाले, "कसली पैज लागली आहे?" ते नौदलात अशाच चेतकच्या देखभालीवर होते! मी प्रश्न सांगितला. त्यांनी हात वर करून डाव्या दाराच्या वरची जागा दाखवली. "विंच इथं. डावीकडे. दार असं मागं सरकतं." भाच्यानं माझ्याकडे बघितलं. बोलला काही नाही, पण बघितलं!

मग आजोबा रंगात आले. म्हणाले, दारात एक जण पोटावर पालथा पडून खाली बघत असतो. वैमानिकाला दोराला लोंबणारा माणूस दिसत नाही, तेव्हा हाच त्याचे डोळे. "थोडं पुढं, थोडं डावीकडे, थांब" असं तो कानातल्या यंत्रातून बोलत राहतो. खाली समुद्र हलतो, जहाज हलतं, हेलिकॉप्टरनं मात्र हवेत खिळा ठोकल्यासारखं उभं राहायचं. आणि आणखी एक. दोर खाली आला की लगेच धरायचा नाही, आधी त्याला पाण्याला किंवा जहाजाला टेकू द्यायचं. पंखा हवेत फिरून फिरून हेलिकॉप्टरवर वीज साठते. घाई करून हात लावला तर जोराचा झटका बसतो.

"लिहून घे," भाचा मला म्हणाला. मी लिहून घेतलं.

मग त्यानं तो प्रश्न विचारला. माझ्याकडे न बघता, आजोबांना. "यात दहा जण मावतात का?"

आजोबांनी उत्तर दिलं नाही, गणित घातलं. रिकामं चेतक साधारण 1143 किलोचं. जास्तीत जास्त 2200 किलो वजन घेऊन ते उडतं. मध्ये उरले किती? 1057. टाकी पूर्ण भरली तर इंधनाचे सुमारे साडेचारशे गेले. उरले सहाशे. वैमानिक, विंचवाला, पाण्यात उतरणारा असे चार जण धरा, तीनशे गेले. उरले तीनशे. एक माणूस पंचाहत्तर किलोचा...

"चार," भाचा म्हणाला. चेहरा एवढासा झाला.

"ते निघतानाचं गणित झालं," आजोबा म्हणाले. "येईपर्यंत इंधन जळतं की नाही? दमणहून रेवदंडा दोनशे किलोमीटर. तासाभराच्या वर उडून आलं, म्हणजे केवढं वजन कमी झालं! पण बसायला जागा तेवढीच. म्हणून चार-पाच जण न्यायचे, जवळ कुठं तरी उतरवायचे आणि परत जायचं. आणि हेलिकॉप्टर एकटं थोडंच येतं? मागून जहाज येतं, होड्या येतात."

भाचा बोटांवर मोजत होता. दहा जण. दोन फेऱ्या, फार तर तीन. परतीच्या गाडीत चिपळूण येईपर्यंत तो खिडकीशी तेच मोजत होता, पण झोपला मात्र गाढ.

घरी आल्यावर कामाला लागलो. उजव्या दारावरची माझी चीर लांबीनं बुजवली, ती नीट बघितली तर अजून दिसते. डावं दार कापून मागं सरकवून चिकटवलं. विंच बनवलं ते संपलेल्या रिफिलच्या तुकड्याचं आणि टाचणीचं. क्षेपणास्त्रं काढून डबीत ठेवली. फ्रेंचांचं चिन्ह म्हणजे बाहेर लाल, मध्ये पांढरं आणि आत निळं वर्तुळ. ते न लावता बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं असं आपलं रंगवलं. बाकीचा रंग वर्तमानपत्रातल्या छायाचित्रावरून घेतला. त्यात सांगण्यासारखं काही नाही, वाळायला वेळ लागतो एवढंच.

खरी पंचाईत झाली दोराची. आधी शिवणाचा दोरा लावला. छान दिसला, पण भाच्यानं तो बहात्तरनं गुणला! दोरा पाव मिलिमीटर जाड, म्हणजे खऱ्या चेतकवर जवळजवळ दोन सेंटिमीटरचा दोरखंड झाला असता. मग प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर मऊ करून ताणली, तिची बारीक तार झाली, पण टिचकी लागताच तुटली. शेवटी ताई म्हणाली, "केस चालेल का रे?" आणि फणीतला आपला एक लांब केस दिला. बरोबर त्याच जाडीचा! त्याला पातळ डिंक चोळून ताठ केला. खाली लटकायला माणूस हवा, म्हणून संचातला बसलेला वैमानिक घेतला. गुडघे वाकलेले, त्यामुळे पट्ट्यात बसून वर चाललेला माणूस हुबेहूब वाटायला लागला. उंची जेमतेम दीड सेंटिमीटर.

डिसेंबरात भाऊजी घरी आले. जेवणं झाल्यावर भाच्यानं चेतक त्यांच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. दोर आधी टेकू द्यायचा, मगच धरायचा. एका वेळी चार, फार तर पाच. तुमच्या दहा जणांना तीन फेऱ्या. भाऊजी एरवी फार बोलत नाहीत. त्यांनी ते उचलून दिव्याजवळ धरलं आणि केसाला लोंबणाऱ्या माणसाकडे बराच वेळ पाहत राहिले.

"सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण यानं लाइफ जॅकेट घातलेलं नाही."

भाचा उठला. केशरी रंगाची बाटली उघडली आणि आईकडून सुई मागून आणली.